मायनं एक नंबर दाबला

आजच्या या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष, या कॉलेजचे माजी प्राचार्य माननीय मधुकररावजी साहेब, व्यासपीठावर विराजमान सर्व मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सारे या सभागृहात जमलो आहोत त्या आदरणीय डॉक्टर लतिका खोब्रागडे मॅडम, समोर बसलेले प्राध्यापक, विद्यार्थी, विद्यार्थिनी आणि माझ्या मायबहिणींनो...

हुश्श. एवढं मॅडमच्या विभागातल्या धर्मेंद्र सरांनी माह्याकडून पाठ करून घेतलं होतं. सकाळपासून मी हेच म्हणून राहिली होती, नळावर, गॅसजवळ, बसमध्ये. बाजूच्या सीटवरची बाई मले म्हणे, काहून वं बाई, निवडणुकीले उभी हायेस का? तर इथवरचं सरांचं होतं. आता पुढचं माह्यं माह्यंच हाय, त्याले सर जबाबदार नाहीत.

माह्यं नाव गोपिका. आम्ही कळमन्याले राह्यतो. माह्ये मालक मार्केटात संत्र्याच्या गाड्या खाली करतात आन् मी मिरचीचे देठ खुडाले जाते. सातवीपर्यंत शिकली. हा माईक मी आज पहिल्यांदाच हातात धरला. हासू नका जी, उलटा तर नाही धरला न? एवढ्या शिकलेल्या माणसांत मले काहून उभं केलं, असं तुमाले वाटत असन. मलेही वाटते. पण मॅडमच्या विभागात माह्यं एक नाव हाय. तिथं मले ‘पहिला तास’ म्हणतात. दरसाल नवीन पोट्टे-पोट्ट्या आल्या का पहिल्या दिवशी मॅडम फळ्यावर काही लिहीत नाहीत. मले बोलावतात, खुर्चीवर बसवतात आन् पोट्ट्यायले म्हणतात, हिला विचारा काय झालं ते. तेच आज सांगते. नवीन मले काही येतच नाही.

समोर पहिल्या लाईनीत ते चष्मेवाली पोट्टी बसली हाय न, जे सामोसा संपवून आता दुसऱ्याच्या प्लेटीकडं पाहून राहिली, ते माही भूमिका. यंदा पहिलीत गेली. तिचीच गोष्ट हाय.

भूमिका कमी दिवसाची झाली. एवढीशी होती. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती तिले, आन् मी बाहेरून काचेले हात लावून उभी राहो. मले तेव्हा समजतच किती होतं? पहिलंच लेकरू. सुट्टी देताना नर्सबाईनं सांगतलं, अशा लेकरांचे डोळे दाखवा लागतात, तुमाले फोन येईन, तवा घेऊन या. म्या मान हालवली. तिथं कोणी काहीही सांगे, मी मानच हालवत जाओ.

आता पहिल्या बाळंतपणात पोट्टी माहेरी जाते. दवाखान्यात पत्ता लिहिला कळमन्याचा, आन् मी गेली सावनेरजवळ, मायच्या घरी. आमची माय, इंदूबाई, ते पाहा मागं हिरव्या लुगड्यात बसली हाय. माय, हात कर वं! केला. तर मायनं मले घरात घेतलं आन् पहिलं काम काय केलं? माह्या हातातला मोबाईल घेतला. म्हणे, "बाळंतिणीनं मोबाईल पाहाचा नाही. डोळे जातात. आम्ही तर सुईत दोरासुदा ओवत नव्हतो." इथं बसलेल्या किती बायांच्या मायनं असं केलं असन? हात वर करा. पाहा, किती हात हायेत!

तर मोबाईल मायच्या कमरेच्या बटव्यात. मी आतल्या खोलीत, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानाले फडकं. जगात काय चालू हाय ते मले काही पत्ता नाही.

आन् इकडं नागपुरात काय चालू होतं? मॅडमच्या पोट्ट्यायनं त्या दवाखान्यासाठी एक सिस्टिम बनवली होती. कोणत्या लेकराले कधी बोलावाचं ते कॉम्प्युटरच ठरवे, आन् फोनही तोच लावे. रेकॉर्ड केलेली बाई बोले. मंग म्हणे, समजलं असेल तर एक दाबा. एक दाबला का पडद्यावर त्या लेकराच्या मायच्या नावापुढं हिरवा ठिपका. ते बनवणाऱ्यात धर्मेंद्र सर होते. तवा सर नव्हते, पोट्टे होते, दाढीही बरोबर आली नव्हती.

एक दिवस डोळ्याच्या डॉक्टरनं मॅडमले फोन केला. म्हणे, "खोब्रागडे मॅडम, तुमच्या पडद्यावर सगळे हिरवे हायेत, पण माझ्या बाकड्यावर बसाले कोणीच नाही."

मॅडमनं धर्मेंद्रले विचारलं. त्यानं सगळं तपासून पाह्यलं. म्हणे, "मॅडम, सिस्टिम एकदम बरोबर चालून राहिली. फोन गेला, उचलला, एक दाबला. बाईले सगळं समजलं हाय. बाईच येत नाही, तर आपण काय करणार?"

मॅडम म्हणाल्या, "समजलं की नाही, ते तिला विचारू. चल."

"कुठं?"

"तिच्या घरी."

"मॅडम, पण आपला तर कॉम्प्युटरचा..."

"चल म्हटलं ना!"

सर, असंच झालं होतं न? मान हालवून राहिले. बरं.

यादीत सगळ्यात लहान लेकरू माह्यं होतं म्हणून पहिले माह्याकडं निघाले. कळमन्याले आले, तं दाराले कुलूप. शेजारणीनं सांगतलं, ते तर माहेरी गेली बाळंतपणाले. दुसरा कोणी असता तर तिथूनच वापस गेला असता. मॅडमनं तिथूनच गाडी केली आन् सावनेरच्या रस्त्याले लागल्या.

आता आमच्या दाराशी काय झालं ते ऐका. मी आतून ऐकून राहिली होती, दिसत काहीच नव्हतं, ते मायनं मंग सांगतलं. माय छपरीत तांदूळ निवडत बसली होती.

"कोण पाह्यजे?"

"गोपिका इथंच आहे का? आम्ही नागपूरहून आलो. सिस्टिमचे लोक आहोत."

"आम्हाले नाही घ्याची सिस्टिम. गेल्या महिन्यात एक फिल्टरवाला येऊन गेला, त्याचाच नळ गळून राहिला."

"आजी, आम्ही विकायला नाही आलो. बाळाबद्दल..."

"बाळाले पाहाता येत नाही. अजून बारसं नाही झालं. बाहेरच्याची नजर लागते. आन् हा पोट्टा कोण? हा तर दारात पायसुदा ठेवणार नाही!"

धर्मेंद्र सर दोन पावलं मागं सरकले ते थेट गोठ्याजवळ गेले. तिथं आमची म्हैस. तिनं त्यायची फाईल चाटली.

दुसरं कोणी असतं तर मायले समजावत बसलं असतं. मॅडम चूपचाप छपरीत मायजवळ मांडी घालून बसल्या. सुपातले तांदूळ हाती घेतले आन् निवडाले लागल्या. थोड्या वेळानं म्हणे, "आजी, तुम्हाला एक फोन आला होता ना? दवाखान्यातून?"

"आला होता न. येतेच. एक बाई हाय, शिकलेली हाय, पण ऐकतच नाही कोणाचं."

"काय म्हणाली ती?"

"अवं बाप्पा, माह्यं ऐकून घेईन तर सांगन न! म्या म्हटलं, कोण बोलून राहिली? ते बोलतच राहिली. म्या म्हटलं, पोट्टी शेकून राहिली, मंग कर. तरी बोलतच राहिली. म्या म्हटलं, बाई, तुह्या घरी माणूस नाही का कोणी? शेवटी म्हणे, एक दाबा. तं म्या दाबला एक. तवा कुठं चूप झाली."

"म्हणजे तुम्ही एक का दाबला?"

"तिले चूप कराले!"

मॅडम हासल्या का? नाही. मले वाटलं हासतीन. मंग मॅडमचा आवाज आला, म्हशीकडं तोंड करून, "धर्मेंद्र, ऐकलंस? हा आपला हिरवा ठिपका."

मंग त्यायनं मायले सांगतलं का कमी दिवसाच्या लेकरांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नसा वाकड्यातिकड्या वाढू शकतात. बाहेरून डोळा चांगला दिसतो. वेळेत पाह्यलं तर वाचते, नाही तर पडदा सुटतो आन् मंग काहीच करता येत नाही. माय म्हणे, "पण ते तर टकमक पाह्यते जी." मॅडम म्हणाल्या, "आजी, ती टकमक बघते हे मला खरं वाटतं. पण काय दिसतं तिला, ते तिला सांगता येत नाही ना."

हे सगळं मले आत ऐकू आलं. म्या कानाचं फडकं काढलं, पोट्टीले पदरात घेतलं आन् दारात येऊन उभी राहिली. माय वरडली, "अवं हवा लागन तुले, आत जा!" म्या म्हटलं, "लागू दे."

माह्या आयुष्यात मी मायच्या तोंडावर असं पहिल्यांदाच बोलली. पण पाहा न माह्या मायचं. एक मिनिट माह्याकडं पाह्यलं, आन् उठली, स्वतःची शाल माह्या डोक्यावरून गुंडाळली, आन् मॅडमच्या आधी गाडीत जाऊन बसली. म्हणे, "चला लवकर, बसले काहून?" धर्मेंद्र सर अजून म्हशीजवळच होते, त्यायले हाका माराव्या लागल्या.

मंग सावनेर ते नागपूर रस्ता. मले आजही तो रस्ता लय लांब वाटते. पोट्टी मांडीवर झोपली होती. मी तिच्या बंद पापण्यायकडं पाहो आन् मनात म्हणो, इचे डोळे गेले तर काय करू? मॅडमच्या ध्यानात आलं असन. त्या बोलाले लागल्या, मले बोलण्यात ठेवाले. म्या विचारलं, "तुम्ही डॉक्टर हाय का?" त्या म्हणे, "डॉक्टर आहे, पण त्या कामाची नाही. माझा विषयच वेगळा आहे." म्या म्हटलं, "कोणता?"

मंग त्यायनं सांगतलं ते माह्या ध्यानात राह्यलं. काहून का त्या वेळी मले काहीतरी धरून ठेवाले पाह्यजे होतं.

म्हणे, मी शिकत होते तेव्हा एका हापिसात कॉम्प्युटर आला. खोलीएवढा. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातात तसं. आत गारेगार, बाहेर कारकून घामाघूम. मशीन मोठमोठे कागद छापून बाहेर द्यायची. कारकून ते कागद एका बाजूला रचून ठेवायचे आणि जुन्याच पद्धतीनं काम करायचे. साहेब म्हणायचे, मशीन छान चालते. कारकून म्हणायचे, मशीन काय कामाची? दोघंही खरं बोलत होते. मला प्रश्न पडला, हे असं का होतं, हे कोणत्या विषयात शिकवतात?

म्या विचारलं, "कोणत्या?"

"कोणत्याच नाही. कॉम्प्युटरवाल्यांकडे गेले, ते म्हणाले, हे माणसांचं आहे, कॉमर्सकडे जा. कॉमर्सवाल्यांकडे गेले, ते म्हणाले, हे मशीनचं आहे, तिकडे जा."

म्या म्हटलं, "म्हणजे तुमचा विषय बाईसारखाच हाय जी. माहेरी म्हणतात तुह्यं घर तिकडं, सासरी म्हणतात तू तिकडची."

मॅडम एवढ्या हासल्या का गाडीवाल्यानं मागं वळून पाह्यलं. आजही त्या वर्गात हे सांगतात, आन् म्हणतात, हे माझं नाही, गोपिकाचं आहे.

पहिले हा विषय कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाले एक पेपर होता. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, म्हणजे पोट्टे पळून जाचे. मंग डिप्लोमा झाला. मंग मॅडमले समजलं का दुनियाभर त्यायच्यासारखे येडे लोक हायेत. येडे म्हणजे, मॅडमच म्हणाल्या तसं, मी नाही. त्यायची पुस्तकं निघत, मासिकं निघत, आन् भांडणंही होत का हा विषय हाय का नुसती इकडून तिकडून केलेली उसनवारी हाय.

आपल्या कॉलेजातही तेच. अध्यक्ष साहेब, रागावू नका, पण मॅडमनं मले सांगतलं हाय. तुम्ही मीटिंगमध्ये विचारलं होतं न, "मॅडम, रसायनवाल्यांना प्रयोगशाळा लागते, भूगोलवाल्यांना नकाशे लागतात. तुमच्या विषयाचं सामान काय?" तवा मॅडम म्हणाल्या, "साहेब, माझं सामान बाहेर रस्त्यावर फिरतं. मशीननं सांगितलेलं आणि माणसाला समजलेलं, यांच्यामध्ये जे सांडून जातं, तो माझा विषय." मंग तुम्ही सायकल स्टँडच्या मागची खोली देली. साहेब, खोली लहान होती, पण तुम्ही देली. त्याच्यासाठी टाळ्या पाह्यजेत. वाजवा न!

तर आम्ही दवाखान्यात पोचलो. डोळ्याचे डॉक्टर थांबून होते. पोट्टीच्या डोळ्यात थेंब टाकले, डोक्याले दिवा लावला, भिंग धरलं. मी भिंतीले टेकून उभी. माय माह्या हाताले धरून. डॉक्टर पाह्यतच राहिले. मंग मॅडमकडं वळून म्हणाले, "बरं झालं आज आणलं." बस, एवढंच. नसा वाढल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी लेझर केलं. तवा मी बाहेर जमिनीवर बसली होती, आन् माह्या बाजूले मॅडम बसल्या होत्या, साडी मळन म्हणून त्यायनं पाह्यलंही नाही. धर्मेंद्र सर पलीकडं उभे. माय त्यायले म्हणे, "बस न गा, काल म्हशीजवळ उभा, आज इथं उभा, पाय नाही दुखत तुहे?" आन् डब्यातली भाकर त्यायच्या हातावर ठेवली. तवापासून माय त्यायले नातूच म्हणते.

डॉक्टर बाहेर आले. म्हणे, पडदा वाचला. पण नजर किती राहिली, ते आत्ता नाही सांगता येत. मोठी होऊ द्या. शाळेत फळा वाचते का पाहू.

मले सांगा, शाळेत जाईपर्यंत माह्यासारख्या मायनं काय करावं? मले दुसरं काही सुचे नाही. मी तिच्यासमोर बांगडी हालवो. दूरच्या तारेवरचा पोपट दाखवो, दिसला का वं, कोणत्या रंगाचा हाय? मिरचीवरून घरी आली का साबणानं हात घासून घासून लाल करो, तरी तिच्या डोळ्याजवळ हात न्याले भेव लागे. चष्मा लागला तं ते काढून फेके, मी परत लावो, ते परत फेके. माह्ये मालक म्हणत, किती भेशील? मी म्हणो, मले भेल्याशिवाय झोप येत नाही.

आता त्या सिस्टिमचं काय झालं ते सांगते, नाहीतर पोट्टे म्हणतीन, बाईनं आमचा विषय अर्धाच सोडला. मॅडमनं सगळ्या पोट्ट्यायले गावोगाव पाठवलं, फक्त एक विचाराले, घरात फोन कोणाजवळ असते? कुठं सासऱ्याजवळ, कुठं दिराजवळ, कुठं बटव्यात. मंग ते रेकॉर्डवाली बाई काढून टाकली. तिच्या जागी कोणाचा आवाज घातला, माहीत हाय? आमच्या मायचा! धर्मेंद्र सर घरी येऊन भरून घेऊन गेले. "ऐक वं माय, मी इंदू आजी बोलून राहिली. हे रेकॉर्ड हाय, मले उत्तर देऊ नको. लेकराचे डोळे दाखवाचे हायेत. हे पोट्टीले सांग. आता नर्सबाई बोलन, तिले सांग तुले काय समजलं ते." म्हणजे एक दाबाचं नाहीच. खरीखुरी बाई लाईनवर येते आन् विचारते, तुमाले काय समजलं, सांगा बरं? बस. एवढा बदल केला आन् बाकडं भरलं. एसटीत बाया मायचा आवाज ऐकून विचारतात, तुम्ही ते फोनवाल्या आजी का? आन् माय काय सांगते? म्हणे, हो, मी कॉलेजात हावो.

मॅडम, आता तुम्ही चालल्या. विभागाले मोठी इमारत झाली, धर्मेंद्र सर तिथं शिकवतात, नवीन पोट्टे परदेशात जातात. तुमचा विषय आता कोणाच्या घरची पाहुणी नाही, त्याले स्वतःचं घर हाय. कॉलेजचे, सगळ्या सरांचे, डोळ्याच्या डॉक्टरांचे, खुर्च्या मांडणाऱ्या भावांचे आन् सामोसे देणाऱ्या ताईंचे मी आभार मानते.

आन् मॅडम, एक गोष्ट तुमाले फोनवर सांगाची नव्हती, समोरासमोर सांगाची होती. जूनमध्ये भूमिका शाळेत गेली. चष्म्याची म्हणून बाईंनी तिले पहिल्या बाकावर बसवलं. परवा मी शाळेत घ्याले गेली तं ते पहिल्या बाकावर नव्हती. बाईंनी बोट दाखवलं. ते अगदी शेवटच्या बाकावर, तिच्या मैत्रिणीजवळ, दामिनीजवळ बसली होती. म्या म्हटलं, "बाई, तिले तिथून दिसन का?" बाई म्हणाल्या, "तिनंच भांडून जागा घेतली. विचारा तिला." म्या दारातूनच विचारलं, फळ्यावर काय लिहिलं हाय वं? तं माह्याकडं न पाह्यता, पेन्सिलीले टोक करत करत, फळ्यावरचा सगळा धडा तिनं वाचून दाखवला. आन् वरून मले म्हणे, "तुले दिसत नाही का वं आई?"

मॅडम, ते शेवटच्या बाकावरून वाचते.

बोलता बोलता काही जास्त झालं असन, कोणाचं नाव राहून गेलं असन, मोठ्यायची थट्टा झाली असन, तर घरची पोट्टी समजून पोटात घाला. आन् माह्या डोळ्यातल्या पाण्याचं मनावर घेऊ नका. आज ते भेवाचं नोहे.

धन्यवाद.